आदिमाता, रोयण आणि मुखवटा : वाचकांचे प्रश्न

नवरात्राच्या अंकात गोव्यातल्या देवीस्थानांवर लेख आला, त्यानंतर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं पुरातत्त्व, मूर्तिशास्त्र आणि देवस्थानांची देखभाल या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी दिली आहेत.

प्रश्न : 'प्राचीन धर्मांतली मातृदेवता' असा प्रकल्प कॉलेजात मिळाला आहे. विलेनडॉर्फ, चाताल ह्योयुक, मोहेंजोदडो इथल्या स्त्रीमूर्तींची चित्रं जमवली आहेत. सगळ्यांखाली 'मातृदेवता' असंच लिहायचं का? (विद्यार्थिनी, म्हापसा)

सरसकट लिहू नका. मूर्तीची छाती-कंबर भरदार आहे एवढ्यावरून ती देवी ठरत नाही, आणि आईही ठरत नाही. प्रत्येक चित्राखाली आधी चार गोष्टी लिहा : वस्तू नेमकी कुठे सापडली (थडग्यात, चुलीपाशी, कणगीत की उकिरड्यात), कशाची केली आहे, आपल्या आपण उभी राहते का, आणि त्याच थरात बरोबर काय होतं. 'मातृदेवता' हा शब्द या चार ओळींनंतर आला तर तो पटतो.

विलेनडॉर्फची मूर्ती 1908 साली ऑस्ट्रियात सापडली. उंची जेमतेम 11 सेंटिमीटर, दगड चुनखडीचा, त्यावर तांबड्या गेरूचे अंश, वय अदमासे 25 ते 30 हजार वर्षं. तिला पावलंच नाहीत, त्यामुळे ती उभी राहत नाही. ती हातात धरायची, आडवी ठेवायची किंवा कशात तरी खोचायची वस्तू होती. 2022 साली तिच्या दगडाचा अभ्यास झाला आणि तो बहुधा उत्तर इटलीतला असावा असं दिसलं. म्हणजे ती किंवा तिचा दगड आल्प्सच्या पलीकडून फिरत्या माणसांबरोबर आला असावा. देवळात बसवलेली देवी डोळ्यांसमोर आणून तिच्याकडे पाहिलं तर हे सगळं हुकतं. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेतली मूर्ती (2008) आणखी जुनी, किमान 35 हजार वर्षांची, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली आणि फक्त 6 सेंटिमीटरची. डोक्याच्या जागी तिला कडी आहे. ती दोऱ्यात ओवून अंगावर घालत असावेत.

चाताल ह्योयुक तुर्कस्तानात. तिथली दोन मार्जारवर्गीय श्वापदांवर (बहुधा बिबट्यांवर) हात टेकून बसलेली स्त्री 1961 साली जेम्स मेलार्ट यांना मिळाली, काळ सुमारे इ. स. पू. 6000. पुस्तकांत दिसतं ते तिचं डोकं मुळात नव्हतं, नंतर बसवलेलं आहे. पण ती धान्याच्या कोठीत सापडली, आणि हा तपशील मोलाचा आहे : धान्य राखणारी कुणी शक्ती, असा अर्थ इथे धरता येतो. मात्र 1993 पासून इयान हॉडर यांच्या चमूने तिथे पुन्हा खोदलं तेव्हा ढिगाने मिळालेल्या लहान मूर्तींत प्राण्यांच्याच जास्त निघाल्या, आणि बहुतेक उकिरड्यांत. एका भव्य मूर्तीवरून सगळ्या गावाचा धर्म ठरवला की अशी गफलत होते. पुरातत्त्वज्ञ मारिया गिंबुटास यांनी 'जुन्या युरोपा'त सर्वत्र एकच महामाता होती असं मांडलं. त्यांनी जमवलेली सामग्री अजून उपयोगी आहे, पण 'एकच' हा भाग आज फार थोडे अभ्यासक मानतात.

मोहेंजोदडोच्या पंखाकार शिरोभूषण असलेल्या मूर्तींना 1931 साली जॉन मार्शल यांनी मातृदेवता म्हटलं. त्या हाताने घडवलेल्या, नाक चिमटीने काढलेलं, डोळे मातीच्या गोळ्यांचे. शिरोभूषणाच्या बाजूंना वाट्या असतात आणि काहींत काजळी मिळाली आहे. तेल किंवा धूप जळत असावा. हा पूजेच्या बाजूचा पुरावा. उलट, बहुसंख्य मूर्ती मोडून कचऱ्यात टाकलेल्या मिळतात. या दोन गोष्टींचा मेळ आपल्याकडे सहज लागतो : चवथीचा गणपती दीड दिवस देव असतो, मग माती. वस्तू कायम पवित्र राहते असं धरून चालू नका.

सुमेरची निन्हुरसाग, इजिप्तची इसिस, ग्रीसची डिमीटर, आशिया मायनरची किबेले यांचं प्रकरण वेगळं करा. त्यांची नावं, स्तोत्रं, सण लेखी मिळतात, तिथे अंदाज करावा लागत नाही. आणि सुमेरच्या इनान्नाला आईंच्या यादीत घालू नका, ती मुख्यतः प्रणयाची आणि युद्धाची देवता आहे. पाचच मूर्ती घ्या, प्रत्येकीला एक पान द्या, आणि सहावं पान गोव्यातल्या एका स्थानाला द्या.

प्रश्न : मातृदेवता पुजणाऱ्या समाजात स्त्रियांचं राज्य होतं, हे खरं का? (मडगाव)

तसा पुरावा कुठल्याच उत्खननात नाही. ही कल्पना 1861 साली बाखोफेन यांनी मांडली, ती मुख्यतः ग्रीक-रोमन ग्रंथांच्या वाचनावरून. अथेन्स अथेनेच्या नावाने ओळखलं जाई, पण तिथल्या सभेत स्त्रीला मत नव्हतं. लांब कशाला, गोव्यात गावाची देवी सातेरी आणि गावकरीचा (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) जोण, म्हणजे वाटा, मात्र परंपरेने पुरुष वारसाला. देवीचा मान आणि बाईचा हक्क यांचा हिशोब वेगवेगळाच करावा लागतो.

प्रश्न : उसगाळीमळला मुलांना न्यायचं आहे. तिथली 'मातृदेवता' कशी ओळखायची? गेल्या खेपेला जाऊन काहीच दिसलं नाही. (शिक्षक, केपे)

तुम्ही भर दुपारी गेला असाल. कुशावतीच्या काठच्या त्या जांभ्या कातळावर शंभराहून जास्त आकृती कोरलेल्या आहेत, पण रेषा उथळ आणि झिजलेल्या आहेत. सूर्य डोक्यावर आला की सावली पडत नाही आणि रेषा हरवतात. सकाळी नवाच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. ढगाळ दिवशी मोठा टॉर्च घ्या आणि तो वरून न मारता जमिनीलगत आडवा धरा. खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी राहते आणि आकृती उठून दिसते. पावसाळ्यात नदीचं पाणी कातळावर येतं, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. चपला काठावर काढायला लावा.

खडूने रेषा भरू नका आणि कुणी भरून दाखवतो म्हणाला तर थांबवा. त्यात दुहेरी नुकसान आहे. खडूची भुकटी जांभ्याच्या छिद्रांत बसते. शिवाय कुठली रेष आकृतीची आणि कुठली नैसर्गिक चिरेची, हे खडू धरणारा ठरवतो आणि पुढचे सगळे त्याचंच चित्र पाहतात. पाणी ओतल्यावर रेषा क्षणभर स्पष्ट दिसतात, पण ओल राहिली की शेवाळ धरतं.

मुलांना आधी वशिंडाचा बैल आणि हरणं शोधू द्या, ती चटकन ओळखू येतात. मग मोठं चक्राकार चक्रव्यूह. त्याची एक वाट बोट न टेकवता, फक्त नजरेने आतपर्यंत नेता येते का ते पाहायला सांगा. मातृदेवता म्हणून दाखवतात ती मानवाकृती शेवटी घ्या, आणि नाव न सांगता विचारा : हात कुठे आहेत, पाय कुठे, डोकं कुठवर, आणि ही बाई आहे असं कशावरून म्हणता? याच कामाला दहा मिनिटं द्यावीत. शिल्पांचा शोध 1993 साली डॉ. पां. पु. शिरोडकर यांच्या हातून लागला. उघड्या कातळावरच्या कोरीव रेषेत कार्बन पद्धतीने मोजता येईल असं काही उरत नाही, म्हणून काळ शैलीवरून आणि तुलनेवरून ठरवतात. काही जण तो मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात, काही नवाश्मयुगाच्या अलीकडे आणतात. मालवणजवळच्या कुडोपीच्या सड्यावरही मातृदेवता म्हणवल्या जाणाऱ्या आकृती आहेत. रत्नागिरीची कातळशिल्पं, कुडोपी आणि आपलं हे फणसायमळ (उसगाळीमळचंच कातळस्थळ), अशी नऊ स्थळं 2022 साली युनेस्कोच्या प्राथमिक यादीत एकत्र गेली आहेत. ही शिल्पं सलग कोकणपट्टीची म्हणून पाहावीत, एकट्या गोव्याची म्हणून नव्हे.

प्रश्न : आमच्या सातेरीच्या गाभाऱ्यात रोयण (वारूळ) आहे. ती वाढत चालली आहे आणि छपराच्या लाकडाला वाळवी लागली आहे. समितीत तीन मतं आहेत : औषध मारणं, रोयणीला सिमेंटचा हात देणं, किंवा काचेच्या पेटीत बंद करणं. काय करावं? (सत्तरी, अशाच आशयाचं पत्र डिचोलीहूनही)

तिन्ही करू नका. यातलं कुठलंही केलं तर रोयण मरू शकते, आणि मेलेली रोयण आपली आपण टिकत नाही.

रोयण म्हणजे वाळवीचं चालतं घर. कामकरी वाळवी खालून बारीक माती आणते, लाळेने मळते आणि कणाकणाने भिंत चढवते. पावसाने, उंदराने, माणसाच्या हाताने पडलेली झीज ती रोज भरते. आत बुरशीचे पोळ्यासारखे थर असतात. लाकूड-पाला वाळवीला थेट पचत नाही, तो या बुरशीकडून कुजवून घेऊन ती खाते. एवढ्या जिवांचा श्वास बाहेर पडायला भिंतीत सूक्ष्म छिद्रं लागतात. दिवसरात्रीच्या तापमानातला फरक आतली हवा फिरवतो आणि कर्बवायू त्या छिद्रांतून निघून जातो. सिमेंट, ऑइलपेंट किंवा प्लास्टरने छिद्रं बुजली की आत वायू आणि ओल कोंडते. वसाहत मरते किंवा दुसरीकडून, बहुधा भिंतीच्या पायातून, तोंड काढते. काचेच्या पेटीतही तेच होतं, वर काचेच्या आत पाणी धरतं आणि बुरशी येते.

औषधाचं म्हणाल तर इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल ही औषधं वाळवीला जाणवत नाहीत. ती त्यावरून चालते आणि अंगावरून घरापर्यंत नेते. म्हणजे छपरासाठी भिंतीच्या कडेला मारलेलं औषध गाभाऱ्यातल्या रोयणीपर्यंत पोचू शकतं. लाकूड वाचवायचं तर ते जमिनीपासून तोडणं हाच खात्रीचा उपाय. खांब थेट मातीत किंवा लादीवर नकोत. खाली जांभ्याचा नाहीतर काळ्या दगडाचा हातभर उंच पाया घ्या. खांब आणि पाया यांच्यामध्ये तांब्याचा पत्रा घालून त्याच्या कडा चारी बाजूंनी बोटभर बाहेर आणि तिरप्या खाली वाकवा. वाळवी त्या कडेवरून चढू शकते, पण तिला मातीची नळी बाहेरच्या बाजूने बांधावी लागते आणि ती डोळ्यांना दिसते. आठवड्यातून एकदा भिंती आणि खांब पाहायचे, नळी दिसली की कोरड्या ब्रशने झाडायची. रोयण आणि भिंत यांत निदान हातभर अंतर ठेवा. ती भिंतीला टेकली असेल तर त्या बाजूची नवी, ओली माती त्याच दिवशी हळू काढत राहा. वाळवी हळूहळू दुसऱ्या अंगाला बांधू लागते.

पूजेतल्या चार गोष्टी बदलाव्या लागतील, आणि त्या पुजाऱ्यांशी व गावकरांशी बोलूनच. अभिषेक रोयणीवर नको, समोर ताम्हनात कळस किंवा उत्सवमूर्ती ठेवून करावा. रोजच्या पाण्याने वरचं कवच विरघळतं, आत चिखल होतो आणि एका बाजूने ढासळते. हळदकुंकू कोरडं आणि चिमूटभर. नारळाची शकलं, फुलं संध्याकाळच्या आत उचलावीत, नाहीतर मुंग्या येतात, आणि मुंगी ही वाळवीची पहिली वैरी. समई हातभर लांब. मुखवट्याला आधार रोयणीत खिळा मारून कधीही देऊ नका. पुढे स्वतंत्र दगडी किंवा पितळी घोडा (टेकू) करून त्यावर मुखवटा बसवा. रोयण वाढली तर घोडा पुढे सरकवता येतो.

फरशी घालताना सर्वात जास्त चूक होते. ग्रॅनाइट रोयणीच्या बुडापर्यंत चिकटवतात आणि सांधे सिमेंटने भरतात. वाळवीला बाजूची ओल आणि माती मिळेनाशी होते. बुडाभोवती हातभर रुंदीची मोकळी माती सोडा.

रोयण जिवंत आहे का, हे पाहायला खोदायची गरज नाही. पहिल्या पावसानंतर पंधरवडाभर पाहा. ओलसर, गडद रंगाची नवी माती चढलेली दिसली तर ती जिवंत आहे. दिसली नाही आणि आधीची झीजही भरली गेली नाही, तर वसाहत संपली असावी. तशी रोयण त्याच आवारातल्या चाळलेल्या मातीचा पातळ हात देऊन राखता येते. आमचं मत असं की मेलेल्या रोयणीवर सिमेंटची खोटी रोयण उभारण्यापेक्षा आहे तेवढी माती जपावी.

प्रश्न : देवळामागच्या रोयणीवर येणारी अळमी (अळंबी) काढली तर देवीचा कोप होतो, म्हणतात. शास्त्र काय सांगतं? (वाळपई)

ती अळमी म्हणजे वर सांगितलेल्या बुरशीचंच फळ. देठ खाली मुळासारखा थेट आतल्या पोळ्यापर्यंत जातो. उपटली तर पोळं फुटतं, म्हणून जमिनीलगत सुरीने कापायची. शिवाय यातल्या बहुतेक जातींत नव्या वसाहतीला ही बुरशी आईबापांकडून मिळत नाही, तिच्या पहिल्या कामकऱ्यांना ती बाहेर पडलेल्या बीजाणूंतून गोळा करावी लागते. सगळ्या कळ्याच बाजारात गेल्या तर बीजाणू पडत नाहीत आणि नव्या रोयणी उभ्या राहत नाहीत. निम्मी अळमी छत्री उघडून सुकेपर्यंत ठेवावीच. अभयारण्यातून काढायला कायद्याने बंदी आहे. देवळामागची न काढण्याचा गावाचा नेम असेल तर तो पाळावा, त्याने परिसरातली बीजाणूंची शिदोरी राखली जाते.

प्रश्न : सातेरी हीच मूळ आणि शांतादुर्गा नंतरची, असं म्हणणं बरोबर आहे का? आणि वारुळाला, दगडाला देवी मानणं फक्त आपल्याकडेच आहे का? (फोंडा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देवळागणिक वेगळं आहे. कित्येक गावांत रोयणीवर मुखवटा आला, मग पुढे पाषाणमूर्ती आली, मग पुराणातली कथा आली, आणि आज तिला शांतादुर्गा म्हणतात. कवळ्याच्या देवीची कथा हरिहरांचं भांडण मिटवणारी म्हणून प्रसिद्ध आहे. ती केळशीहून सोळाव्या शतकात फोंडा महालात आली आणि आजचं देऊळ अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्र्यांच्या प्रयत्नाने उभं राहिलं. जिथे देवीला गाव सोडावं लागलं तिथे मूर्ती आणि कळस हलवता आले, रोयण हलवता येत नाही, ही गोष्ट विसरली जाते. तुमच्या गावचा थर पाहायचा तर गाऱ्हाणं (देवीपुढे गावातर्फे म्हणतात ती प्रार्थना) लक्ष देऊन ऐका : कुणाचं नाव आधी येतं, आवारात सातेरी किंवा भूमका म्हणून वेगळी जागा आहे का, कौल कुठे लागतो. नामफलकापेक्षा गाऱ्हाणं जुनं असतं.

मूळचे गोव्याचे असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरात अशा देवींच्या ठाण्यांची पायी फिरून पाहणी केली. जुन्या वाटांच्या तिठ्यांवर, गावाबाहेर, नवरा नसलेल्या आया. आणि काही ठाण्यांजवळ अश्मयुगीन बारीक हत्यारं. त्यांचं म्हणणं असं की शेती स्थिरावली तेव्हा यातल्या काहींची लग्नं म्हसोबासारख्या देवांशी लागली. सगळ्या ठिकाणी ते लागू पडत नाही, पण ठाणं, वाट आणि हत्यारं एकाच नकाशावर मांडायची त्यांची पद्धत गोव्यात अजून कुणी पुरती वापरलेली नाही, आणि वापरायला हवी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं : नाही. आशिया मायनरमधली किबेले ही प्राचीन जगातली सर्वात प्रसिद्ध आई, आणि ती रोमला आली ती काळ्या दगडाच्या रूपात. हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इ. स. पू. 204 मध्ये, भविष्यग्रंथांचा कौल घेऊन रोमने तिला बोलावलं. पॅलेटाइन टेकडीवर तिचं देऊळ इ. स. पू. 191 मध्ये पुरं झालं. आर्नोबियस हा लेखक सांगतो की तो दगड लहान, हातात मावणारा, काळपट आणि ओबडधोबड होता, आणि मूर्तीत चेहऱ्याच्या जागी बसवला होता. आपण निराकार मातीवर चेहरा चढवतो, रोमने घडवलेल्या मूर्तीच्या चेहऱ्यात निराकार दगड बसवला. दर 27 मार्चला तिला आल्मो ओढ्यावर न्हाऊ घालत. यावरून किबेले आणि सातेरी एकाच मुळातून आल्या असं मात्र म्हणू नका. दोन्हीकडे पृथ्वीला आई मानलं गेलं, पण दोघींना जोडणारा दुवा मिळालेला नाही. आपल्याकडची ती भावना अथर्ववेदाच्या भूमिसूक्तात थेट आहे : 'माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः'.

प्रश्न : लज्जागौरीला डोकं का नाही? इनामगावच्या मूर्तीशी तिचा संबंध आहे का? (पणजी)

लज्जागौरी या प्राचीन सुफलतेच्या देवीचं डोकं तोडलेलं नसतं, त्या जागी कमळ असतं. पाय दुमडून बाहेर वळवलेले, उत्तानपाद. या शब्दाचा उल्लेख ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या सृष्टिसूक्तात (10.72) येतो, जिथे पृथ्वी उत्तानपदापासून जन्मली असं म्हटलं आहे. मराठवाड्यातल्या तेरच्या मातीच्या मूर्ती तळहातावर मावतात, कर्नाटक-आंध्रातल्या काही पाषाणमूर्ती माणसाच्या मापाच्या जवळ जातात. रा. चिं. ढेरे यांनी तिचं नातं भूदेवीशी आणि वारुळाशी लावलं, आणि गोव्याच्या वाचकाला ते वाचताना सातेरी आठवल्याशिवाय राहत नाही.

इनामगाव पुणे जिल्ह्यात. सांकलिया आणि ढवळीकर यांच्या उत्खननात इ. स. पू. 1300 च्या सुमाराच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी मिळाली. तिच्याबरोबर शिर नसलेली कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती आणि बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे, काडी घातली की ती बैलावर बसते. मूर्ती भाजलेली नाही, ती पुरण्यासाठीच केली असावी. इथे जागा, बांधणी, जोडीची वस्तू असे तीन पुरावे एकत्र येतात, म्हणून 'देवी' म्हणायला भक्कम आधार आहे. पण तिच्यात आणि लज्जागौरीत हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे, आणि मधल्या कड्या जुळलेल्या नाहीत.

प्रश्न : लईराई आणि म्हापशाची सायबीण बहिणी कशा? (शिवोली)

लोकपरंपरेत सात बहिणी मानतात : शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, शितळाई, अंजदीप बेटाशी जोडलेली आजादीपा, आणि मिराबाय, जी म्हापशाला मिलाग्रिस सायबीण (चर्चमधली मेरीमाता) झाली. भाऊ खेतोबा. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, सायबिणीचं फेस्त ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी सोमवारी. फेस्ताला सेंट जेरोम चर्चमध्ये दोन्ही धर्मांची माणसं तेल घेऊन येतात. शिरगावहून तेल आणि म्हापशाहून मोगरी, अशी देवाणघेवाण सांगितली जाते. ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की लईराई स्वतः कळसरूपात आहे, तिला मानवी चेहऱ्याची मूर्ती नाही. बहीण चर्चमध्ये गेली तरी नातं टिकलं ते यामुळेही असावं, असं आम्हांला वाटतं.

प्रश्न : कुळागरात पाट खणताना दोन हत्ती असलेली एक भंगलेली देवी वर आली. घरचे म्हणतात विसर्जन करा, शेजारी म्हणतात सिमेंटने जोडून घुमटी बांधा. (सांगे)

वर्णनावरून ती गजलक्ष्मी, म्हणजे गोव्याची केळबाय असावी. हत्ती तिच्यावर पाणी घालतात. पावसाची, पिकाची आई म्हणून ती गावोगाव पुजली जाते. सध्या दोन्ही सल्ले बाजूला ठेवा.

खणणं तिथेच थांबवा, कारण उरलेले तुकडे त्याच खड्ड्यात असण्याची शक्यता जास्त. मूर्ती हलवण्याआधी फोटो घ्या : लांबून एक, ज्यात झाड किंवा विहीर अशी खूण दिसेल, मग चारी बाजू आणि मागची पाठ. प्रत्येक फोटोत फूटपट्टी ठेवा. उंची, रुंदी, जाडी आणि जमिनीपासून किती खोल मिळाली ते मोजून वहीत लिहा. आसपास कौलं, खापरं, घडीव चिरे दिसले तर तेही. माती सुकल्यावर मऊ केसांच्या ब्रशने झाडा. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण नको. दगडफूल धरलेलं असेल तर खरवडू नका, त्याबरोबर कोरीव कामही सुटतं. तेल लावू नका. तेलावर धूळ बसून काळा थर होतो, खाचा बुजतात, आणि तो थर नंतर काढता काढता मूर्तीच झिजते. सिमेंटमधले क्षार दगडात शिरतात आणि दोन-चार पावसांत पापुद्रे सुटू लागतात. तुकडे एका कोरड्या जागी, फळीवर, एकमेकांना न घासता ठेवा.

जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि शंभर वर्षांवरचं शिल्प 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. लेखी अर्जाला फोटो आणि मापं जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पणजीच्या पुरातत्त्व खात्यात एकेक प्रत द्या, पोच घ्या. तोवर जागेचा पत्ता व्हॉट्सॲपवर फिरवू नका, मूर्तिचोरांना तेवढंच पुरतं.

पूजेची ओढ असेल तर तीत गैर काही नाही. समोर पणती आणि फूल ठेवा, मूर्तीवर नको. भंगलेल्या मूर्ती पुजत राहिलेली ठाणी गोव्यात पुष्कळ आहेत, त्यामुळे विसर्जन केलंच पाहिजे असं नाही. गावकरांना बोलावून त्या जागेचं जुनं नाव विचारा. देवीच्या नावाची शेती किंवा कोंड जवळ निघाला तर तेही अर्जात लिहा, कारण मूर्ती खात्याने नेली तरी ती कुठल्या गावची हे त्या एका ओळीवरून ठरेल.